विरजणच धुऊन टाकलं! (घरच्या टाकीत कोळंबीची पिल्लं वाढवताना)



डँडेनॉन्ग मार्केटमधून नेमाने कोळंबी आणून खाणारा माणूस घरात कोळंब्या पाळतो, यावर आमच्याकडे भरपूर विनोद झालेत. चिपळूणहून आलेल्या आईने टाकी बघून पहिला प्रश्न विचारला, "एवढ्याशा? याचं कालवण किती जणांना पुरणार?"

तर या कोळंब्या म्हणजे चेरी श्रिम्प. मूळच्या पूर्व आशियातल्या, गोड्या पाण्यातल्या, लालभडक, मोठी झालेली मादी जेमतेम ३ सेंटीमीटर. जवळच राहणाऱ्या एका हौशी माणसाने घरी वाढवलेल्या १० आणल्या. दोन महिन्यांनी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला. आई लगेच म्हणाली, "गाभोळी आहे रे!" मादी ही अंडी पोटाखालच्या पायांनी सतत वारा घातल्यासारखी हलवत असते, म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळतं. तीन-चार आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली. एक-दोन मिलिमीटरची, पारदर्शक, पण हुबेहूब आईसारखी. लेकीने भिंग घेऊन मोजली आणि फ्रिजवर कागद लावला : "बाळं १७".

आता घरात बाळं आली म्हटल्यावर स्वच्छता नको का? रविवारी बाह्या सरसावून बसलो. काचेवरचं शेवाळ खरवडलं, निम्मं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ पिळून काढला. टाकी नुसती चकाचक! मंगळवारी सकाळी एकही पिल्लू हलत नव्हतं, दोन मोठ्याही आडव्या. लेक काही बोलली नाही. तिने कागदावरचा आकडा खोडला आणि त्यानंतर टाकीकडे यायचीच बंद झाली. मला ते जास्त लागलं.

ऑफिसात प्रॉडक्शन कोसळलं की जसं मूळ कारण शोधतो, तसा रात्री टेस्ट किट घेऊन बसलो. अमोनिया चढलेला. कोळंबीच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. स्पंजमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते जंतू मारण्यासाठीच. मी नेमके हेच जिवाणू मारले होते. आईला हे समजावून सांगितलं तर ती एका वाक्यात म्हणाली, "म्हणजे विरजणच धुऊन टाकलंस की रे!"

अगदी बरोबर. नवी टाकी 'लागायला' साधारण महिना-दीड महिना जातो. पण एखाद्याच्या जुन्या टाकीतला स्पंज आणून ठेवला तर काम बरंच लवकर होतं, शेजारणीकडून वाटीभर विरजण आणल्यासारखं. आणि पिल्लांचं खाणं म्हणजे काचेवर, पानांवर, लाकडावर धरणारा तो बुळबुळीत थर. मी खरवडून टाकला तो त्यांचा डबाच होता. मोठ्या कोळंब्या खाण्यापाशी चालत जातात, पण पिल्लू जिथे असेल तिथेच चरतं.

दुसरं कारण आपलं मेलबर्नचं पाणी. प्यायला अमृत, पण फार मऊ. पुण्यात बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर धरायचा, इथे किटली वर्षानुवर्षं कोरी करकरीत. तो थर म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, आणि कोळंबीला कात टाकून नवं कवच करायला तेच लागतात. एकदम निम्मं पाणी बदललं की क्षारांचं प्रमाण झटकन खाली जातं, कोळंबी अवेळी कात टाकते आणि त्यात अडकून मरते. माझ्या दोन मोठ्या बहुतेक अशाच गेल्या.

तरी माझं नशीब, की चेरीची पिल्लं अंड्यातून तयार होऊनच येतात. आपण जिला स्कँपी म्हणतो त्या मोठ्या गोड्या पाण्यातल्या कोळंबीची मादी अंडी फुटायच्या वेळी खाडीकडे जाते. तिच्या अळ्या गोड्या पाण्यात काही दिवसांत मरतात. त्यांना निमखारं पाणी लागतं हे १९६१ साली मलेशियात शाओ-वेन लिंग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, आणि तिथून तिची शेती शक्य झाली. वैतागून त्यांनी पाण्यात सोया सॉससुद्धा टाकून पाहिला, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे पिल्लांपुढे हात टेकणारा मी पहिला नव्हे!

दुसऱ्या खेपेला काय केलं, ते थोडक्यात :

१. पाण्यासोबत पिल्लं ओढून घेणारा फिल्टर काढून एअर पंपवर चालणारा साधा स्पंज लावला. तो धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा.
२. आठवड्याला दहा टक्केच पाणी बदलायचं. नवं पाणी आधी क्लोरीन घालवून, श्रिम्पसाठी मिळणारे क्षार मिसळून, टाकीच्या तापमानाला आणून, थेंबाथेंबाने सोडायचं.
३. भरपूर मॉस आणि एक-दोन देशी बदामाची वाळकी पानं. चिपळूणच्या अंगणात हा कचरा झाडून आई कंटाळते, इथे त्याचं पाकीट विकत मिळतं! (बॅगेत भरून आणू नका, एअरपोर्टवर महागात पडेल.)
४. तांबं म्हणजे विष. माशांच्या काही औषधांत आणि झाडांच्या काही खतांत असतं, बाटली वाचूनच घ्या.
५. पारा चाळिशीवर गेला की टेबलफॅन पाण्यावर रोखायचा.
६. सोबत मासे नकोत. पिल्लू त्यांच्या तोंडात मावतं.

आणि सातवं, सगळ्यात अवघड : हात आवरायचे. काही न करता बसणं हे आपल्या जातकुळीतलं काम नाही, पण पिल्लांना चकाचक नव्हे, मुरलेली टाकी लागते.

या वेळी फ्रिजवर कागद मीच लावला, आकडा न लिहिता. आठवडाभराने लेक भिंग घेऊन आली. "बारा... नाही, तेरा." अडीच-तीन महिन्यांनी त्याच तेरांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी दिसली, तेव्हा तिने भारतात परतलेल्या आजीला फोन लावून ओरडून सांगितलं, "आजी, गाभोळी!"

आता टाकीत गर्दी झालीये. जास्तीच्या कोळंब्या डँडेनॉन्ग क्रीकमध्ये सोडाव्यात असं कुणी सुचवेल, पण ते कदापि करू नये. परका जीव आणि त्याचे रोग नदीत गेले की परत काढता येत नाहीत. त्यापेक्षा ज्यांना हव्यात त्यांनी डबा घेऊन घरी यावं. सोबत स्पंजचा एक तुकडाही देईन.

विरजण म्हणून. फक्त नळाखाली धुऊ नका!