ध्वनीची रोजकीर्द आणि खतावणी

आळंदी ही कीर्तन-भजनाची भूमी. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली येथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेव्हापासून कीर्तनविद्या गुरुमुखातून शिष्यांकडे येत आहे. परंतु गायलेला स्वर गायनाबरोबरच विरून जातो. तो जपण्यासाठी संगणकावर ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ या प्रकारच्या आज्ञावली वापरतात. रीपर, गॅरेजबँड ही त्यांतील परिचित नावे. व्यापारी कुटुंबांस त्यांचे तत्त्व अनोळखी वाटू नये. ते वहीखात्याचेच आहे.

प्रथम रोजकीर्द. मायक्रोफोनमधून आलेल्या ध्वनीची दर सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० मापे घेऊन ती अंकांत नोंदली जातात. पुढे एखादा भाग कापला, सरकवला वा त्याचा आवाज कमी केला, तरी ही मूळ नोंद सहसा तशीच राहते. बदल होतो तो केवळ ती कशी वाजवावी या सूचनांत.

नंतर खतावणी. गायक, पखवाज, पेटी आणि टाळ यांची खाती वेगळी. त्यांस ‘ट्रॅक’ म्हणतात. भ्रमणध्वनीवर एकत्रच टिपलेल्या भजनात टाळांखाली शब्द दबले, तर ते मोकळे करणे फार कठीण. स्वतंत्र ट्रॅक असल्यास केवळ टाळ कमी करता येतात. मात्र सर्वजण शेजारी बसून गात असतील, तर गायकाच्या मायक्रोफोनमध्येही टाळ शिरतात. म्हणून आज्ञावलीइतकेच महत्त्व बैठकीच्या मांडणीस आहे.

आवाजाची पातळीही आधीच जपावी लागते. शून्य डेसिबल ही डिजिटल नोंदीची कमाल मर्यादा. ती ओलांडलेला स्वर फाटतो आणि पूर्णपणे पूर्ववत होत नाही. सर्वांत उंच स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, अशी पातळी ठेवणे हितावह. भजनाची लय हळूहळू चढत असल्याने आज्ञावलीतील ठोक्यांची घटिका बंद ठेवलेलीच बरी.

शेवटी ताळेबंद. सर्व ट्रॅकचा समतोल साधून एकच ध्वनिफीत सिद्ध होते. जतनासाठी ती ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवावी. पाठवण्यासाठी आकाराने लहान असलेली ‘एमपीथ्री’ पुरते.

येथेच एक चूक महागात पडते. अनेक आज्ञावलींत प्रकल्पाच्या फाइलमध्ये केवळ सूचना असतात. प्रत्यक्ष ध्वनी निराळ्या फोल्डरमध्ये असतो. फाइल तेवढी जपून फोल्डर पुसले, तर खतावणी उरते आणि रोजकीर्द जाते. २४ बिट व ४८,००० मापांच्या हिशेबाने चार ट्रॅकच्या एका तासास सुमारे २ जीबी जागा लागते. तेवढ्या जागेत घरातील आजीची स्तवने किंवा आळंदीतील वृद्ध कीर्तनकाराचा स्वर मावतो. त्याच्या दोन प्रती, दोन निराळ्या ठिकाणी, त्याच दिवशी ठेवाव्यात.