दर सहा मिनिटांनी एक गवा!

दोस्तांनो, कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा काजू खाल्लाय का कधी? ओळखा पाहू, पाकिटात बसण्याआधी तो कशात न्हाऊन येतो? पाण्यात? छे! गरमागरम हवेत!

काजूची बी फोडली की आत गर सापडतो. त्याला एक पातळ, लालसर साल घट्ट चिकटलेली असते. नखाने ओरबाडायला जाल तर गराचाच तुकडा पडेल! म्हणून गर ट्रेमध्ये पसरून ड्रायरमध्ये ठेवतात. तिथे साधारण ७० अंश सेल्सिअसची हवा कित्येक तास खेळत राहते. गर सुकतो, किंचित आक्रसतो आणि साल सुटते.

पण ही हवा प्रत्येक ट्रेला सारखी मिळायला हवी हं! नाहीतर एका कोपऱ्यातला गर करपायचा आणि दुसऱ्यातला दमट राहायचा. आणि बाहेर शेडमध्ये राबणारी माणसं? ड्रायरची धग, फोडण्याआधी बिया उकडल्याची वाफ! त्यांना ताजी हवा नको का?

मोठ्या कारखान्यात अशी हवा पत्र्याच्या लांबलचक बोगद्यांतून नेतात. त्यांना म्हणतात डक्ट. आता खरा प्रश्न. डक्ट किती मोठा हवा?

त्याआधी एक कोडं. समजा, शेड २० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर उंच आहे. अगदी रिकामी! आतल्या हवेचं वजन किती असेल? एक किलो? दहा किलो?

हजार किलोंहून जास्त!

खरंच! चंदगडच्या रानात गवे असतात ना? त्यातल्या एखाद्या दांडग्या नर गव्याएवढं वजन! रिकाम्या शेडमध्ये एक अदृश्य गवा उभा आहे म्हणा ना!

ही सगळी हवा तासाला दहा वेळा बदलायची ठरवली तर? दर सहा मिनिटांनी एक गवा डक्टमधून आत यायला हवा! हवा सेकंदाला ५ मीटर वेगाने सोडली, तर त्यासाठी चौकोनी डक्टची प्रत्येक बाजू ७५ सेंटिमीटर लागते. गणित सोपं आहे. सेकंदाला जितकी घनमीटर हवा हवी, तिला वेगाने भागा. तोंडाचं क्षेत्रफळ मिळालं!

‘एवढा मोठा कशाला? लहान बसवू, पत्रा वाचेल!’ असं वाटलं ना? थांबा! गोल डक्टचा व्यास निम्मा केला आणि हवा मात्र तेवढीच ढकलायची ठरवली, तर पंख्याला किती जास्त जोर लावावा लागेल? दुप्पट? चौपट?

जवळजवळ ३२ पट!

बत्तीस! कारण तोंडाचं क्षेत्रफळ पाव होतं, म्हणून हवेला चौपट वेगाने पळावं लागतं. वेग चौपट झाला की घर्षण सोळापट वाढतं. त्यात वाट अरुंद, म्हणजे हवा भिंतींना आणखी घासत जाते. तो झाला आणखी दुपटीचा फटका. १६ गुणिले २, बत्तीस! वर डक्ट घूं घूं करत ओरडतो ते वेगळंच. पत्रा एकदाच विकत घ्यायचा असतो, विजेचं बिल मात्र दर महिन्याला येतं. मला विचाराल तर डक्ट ऐसपैसच बरा!

पण मग तो पुढे पुढे निमुळता का होत जातो? शाळा भरताना व्हरांडा बघा. सुरुवातीला ही गर्दी! पाचवीचा वर्ग आला, काही मुलं आत. सहावीचा आला, आणखी काही आत. टोकाला उरतात मोजकीच. डक्टमधली हवाही अशीच वाटेवरच्या तोंडांतून थोडी थोडी बाहेर पडते. उरलेल्या हवेला मग लहान वाट पुरते. रुंदी तशीच ठेवली तर पत्रा वाया जातो आणि हवा रेंगाळते.

आणखी एक सांगू? गरम हवा हलकी असते. ती थेट छताला जाऊन बसते, म्हणून गरम हवेच्या डक्टची तोंडं खाली वळवतात. गार हवा जड असते. ती वरून सोडली की आपसूक खाली उतरते.

आणि हे सगळं फक्त माणसांसाठी नाही बरं! १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेचा दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली, ती एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आक्रसायचा आणि रंगीत चित्रं बिघडायची! आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या इचलकरंजीच्या मागांवरचं सूतही हवेबाबत हळवं. कोरड्या हवेत ते पटापट तुटतं, म्हणून त्याला थोडा दमटपणा हवा!

हवा आत आणली, पण बाहेर जायची वाटच ठेवली नाही तर? करून बघा. वारा असेल त्या दिवशी खिडकीत कागदाची पातळ पट्टी टांगा. आधी खोलीचं दार बंद ठेवा आणि पट्टीकडे बघा. मग तेच दार उघडा. आता कशी फडफडते?