न दिलेल्या हुकमांची परीक्षा

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला वळले म्हणजे नसरापूर लागते. बनेश्वराच्या देवालयामुळे, आणि येथून पुढे वेल्ह्याकडे, राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यामुळे, या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुण्यातील सॉफ्टवेअर कंपन्यांत ज्याच्या हाती सर्व्हरांचा कारभार असतो, अशा भोर-वेल्ह्याकडील एखाद्या तरुणास गाव न सोडता, घरातल्या एका बंद खोलीत बसून देता येईल अशी एक कठीण परीक्षा आहे. ‘सर्टिफाइड कुबरनेटिस सिक्युरिटी स्पेशलिस्ट’ हे तिचे पूर्ण नाव; व्यवहारात तिला ‘सीकेएस’ म्हणतात.

ज्यांचा या विषयाशी संबंध आलेला नाही, त्यांच्याकरिता पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. एखादा प्रोग्राम आणि तो चालण्यास लागणारा सर्व सरंजाम एकत्र बांधून जो संच तयार होतो त्यास इमेज म्हणतात, आणि ती चालू झाली की कंटेनर होतो. असे शेकडो कंटेनर अनेक यंत्रांवर वाटून देणे आणि बंद पडलेला पुन्हा उभा करणे हे काम कुबरनेटिस ही प्रणाली करते. तिच्या ताब्यातील यंत्रसमूह म्हणजे क्लस्टर. गूगलने २०१४ साली ही प्रणाली सर्वांस खुली केली, आणि पुढच्याच वर्षी तिचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखालील एका स्वतंत्र संस्थेकडे सुपूर्द झाला. तिच्या सुरक्षिततेची ही परीक्षा नोव्हेंबर २०२० पासून घेतली जाते, आणि तिला बसण्यापूर्वी क्लस्टरच्या सामान्य कारभाराची ‘सीकेए’ ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. येथे पर्यायी उत्तरांवर खुणा करावयाच्या नसतात. कॅमेऱ्याच्या पहाऱ्याखाली, दोन तासांच्या मुदतीत, चालू क्लस्टरवर पंधरा-वीस कामे प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात, आणि उत्तीर्ण होण्यास ६७ टक्के गुण लागतात.

या परीक्षेचा अभ्यास म्हणजे साधनांची नामावळी आणि आज्ञांचे पाठांतर, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि ती मला सर्वस्वी अनुचित वाटते. अधिकृत दस्तऐवज परीक्षेत उघडून पाहण्याची मुभा असताना पाठांतराचे मोल ते किती असणार? माझ्या मते या परीक्षेचा खरा विषय एकच आहे : कारभाऱ्याने एखाद्या बाबतीत काहीच हुकूम दिला नाही, तर क्लस्टर काय करते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वत्र सारखे नाही, आणि अभ्यासाची सारी गोडी व सारी अडचण येथेच आहे. कोणी काय करावे याचे अखत्यार जेथे ठरतात, त्या आरबॅकच्या प्रांतात जे दिले नाही ते निषिद्ध असते. तेथे मनाईचा नियम लिहिण्याची सोयच नाही, केवळ परवाने देता येतात. परंतु पॉडांच्या, म्हणजे एकत्र चालणाऱ्या एक वा अनेक कंटेनरांच्या गटांच्या, परस्पर दळणवळणाच्या प्रांतात याच्या नेमके उलट आहे : काही सांगितले नाही तर प्रत्येक पॉड प्रत्येक पॉडशी बोलू शकतो, आणि एक पॉड शत्रूच्या हाती लागला की सारे अंतर्गृह त्याला मोकळे होते. नसरापूरकरांनी पाहिलेल्या राजगडाच्या तीन माच्यांना आपापली तटबंदी आहे, आणि त्यांच्यावरील बालेकिल्ल्याला निराळा दरवाजा. एक माची पडली म्हणून गड पडू नये, ही त्या बांधणीमागील दृष्टी. क्लस्टरमध्ये अशी तटबंदी नेटवर्क पॉलिसी लिहून आपणच उभारावी लागते. प्रथम सर्व वाहतूक बंद करावी आणि मग आवश्यक तेवढ्या वाटा एकेक करून उघडाव्यात, ही तिची रीत. या कामी नवशिक्या हमखास कोठे अडखळतो? तो बाहेर जाणारी वाहतूक रोखतो आणि नावांवरून पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएससाठी ५३ क्रमांकाचे पोर्ट उघडण्यास विसरतो. मग बाकीचे नियम बिनचूक असूनही काहीच चालेनासे होते.

गुप्त मजकुराचीही हीच कथा. पासवर्ड वगैरे ज्यात ठेवतात त्या सीक्रेटवर वेगळा हुकूम नसेल तर कूटलेखन होतच नाही. बेस-६४ मध्ये लिहिलेला तो मजकूर कोणासही क्षणात उलगडता येतो. कूटलेखन सुरू केल्यानंतरही पूर्वीची सीक्रेटे जशीच्या तशी उघडी राहतात. ती पुन्हा लिहिली म्हणजेच झाकली जातात. ऑडिटचे धोरण नेमून दिले नाही, तर कोणी काय मागितले याची ऑडिट-नोंदही राहत नाही. आणि आपल्या देशात तर सर्ट-इन या सरकारी यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये लॉग १८० दिवस जपणे आणि सायबर घटनेची वर्दी सहा तासांत देणे बंधनकारक आहे. असा न दिलेला हुकूम किती महाग पडतो, हे २०१८ साली टेस्ला या मोटार-कंपनीच्या प्रकरणात जगाने पाहिले : तिच्या कुबरनेटिसच्या डॅशबोर्डाला पासवर्डच नव्हता, आणि आत शिरलेल्यांनी तिच्या यंत्रांवर आभासी चलनाचे उत्खनन चालविले होते.

इमेजमधील दोष हुडकणारे ट्रिव्ही, चालू कंटेनरांवर नजर ठेवणारे फाल्को, आणि त्यांच्या हालचालींना मर्यादा घालणारी ॲपआर्मर व सेककॉम्प या साधनांचा परिचय आठवडाभराच्या सरावाने होतो. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. मात्र क्लस्टरकडे येणारी प्रत्येक मागणी स्वीकारणाऱ्या एपीआय सर्व्हरच्या मॅनिफेस्ट फाईलशी, म्हणजे तो कसा चालवावा हे लिहिलेल्या फाईलशी, दीर्घ सहवास हवा. तीत एक अक्षर चुकले तरी सर्व्हर उठत नाही, आणि सर्व्हर उठला नाही की क्लस्टरला हुकूम देण्याचे कुबसीटीएल हे साधन मुके होते. अशा वेळी न गांगरता नोडवरील, म्हणजे त्या यंत्रावरील, लॉग वाचून दोष शोधण्याची सवय आधीच लागलेली असली पाहिजे. म्हणून फाईलला हात लावण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, आणि ती प्रत त्याच मॅनिफेस्टच्या फोल्डरात ठेवू नये, कारण यंत्रावरील पॉड सांभाळणारा क्युबलेट त्या फोल्डरातील फाईली वाचून पॉड चालवीत असतो. घरच्या लॅपटॉपवर क्लस्टर उभारून ही फाईल हेतुपुरस्सर बिघडवावी आणि दुरुस्त करावी. याहून उत्तम शिकवणी मला ठाऊक नाही, आणि तिला पैसाही पडत नाही.

जुन्या टिपणांवर विसंबणे मात्र धोक्याचे. पॉड सिक्युरिटी पॉलिसी हा एके काळचा महत्त्वाचा भाग २०२२ साली १.२५ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला, तरी जुन्या अभ्याससाहित्यात तो अद्याप आढळतो. परीक्षेसाठी जी आवृत्ती जाहीर झाली असेल तिचेच दस्तऐवज वाचावेत. प्रमाणपत्राची मुदतही दोनच वर्षांची आहे. शुल्क डॉलरमध्ये असल्याने जड वाटते. परंतु पहिल्या प्रयत्नात अपयश आल्यास दुसरा त्याच शुल्कात मिळतो, आणि सरावाच्या सिम्युलेटरची दोन सत्रेही त्यातच येतात. त्यांपैकी एक परीक्षेच्या आदल्या आठवड्यासाठी राखून ठेवावे.