बीड जिल्ह्यातील सामूहिक मृदा-संवर्धन : खर्चाची विभागणी व शाश्वतता

बीड जिल्हा अवर्षणप्रवण मराठवाड्यात मोडतो. बालाघाटच्या उतारावरील हलक्या, उथळ जमिनीचा सुपीक थर पावसाबरोबर वाहून तलावांत साचतो. परिणामी जमिनीची सुपीकता व तलावाची साठवणक्षमता या दोहोंचा ऱ्हास होतो. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये सुरू केलेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना या दुहेरी हानीवरील उपाय होय.

मूळ रचनेत यंत्रसामग्री स्वयंसेवी संस्थांनी, इंधन शासनाने व वाहतूकखर्च शेतकऱ्याने सोसावा, अशी विभागणी होती. अल्पभूधारकास हा वाहतूकखर्चच जड जातो. म्हणून 2023 पासून अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी अडीच एकरांपर्यंत कमाल 37,500 रुपये अनुदानाची तरतूद झाली.

तथापि अनुदानाने उपक्रम सुरू होतो. तो टिकण्यासाठी स्थानिक उत्पन्न आवश्यक असते. 2002 च्या कायदा-दुरुस्तीनुसार किमान 10 उत्पादकांना उत्पादक कंपनी स्थापन करता येते. अशा कंपनीने ट्रॅक्टरची एकत्रित ठरवणी, माती व गाळाचे परीक्षण आणि निविष्ठांची विक्री केल्यास मिळणाऱ्या उत्पन्नाचा ठरावीक भाग मृदा-निधीत ठेवता येईल. परीक्षण येथे अपरिहार्य आहे. कारण वाळूमिश्रित वा क्षारयुक्त गाळ जमिनीस अपायकारक ठरतो. तसेच 2015 मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांच्या नोंदी पाहूनच खतांची मात्रा ठरवणे इष्ट.

सारांश, पाणलोटातील बांधबंदिस्तीवर हा निधी खर्च न झाल्यास तलाव पुन्हा गाळाने भरेल व तोच खर्च पुन्हा करावा लागेल.