हस्तापासून हातापर्यंत : मराठीची घडण आणि मुलांची बोली

कोल्हापूर भागातील अनेक घरांत स्त्रिया व मुली ‘मी जातो’, ‘मी आलो’ असेच बोलतात. पहिलीत आलेली मुलगी वर्गात तसे बोलली की ‘अशुद्ध’ म्हणून तिला हटकले जाते, आणि ती पुढे बोलेनाशी होते. म्हणून मराठी कशी घडली, हे शिक्षकाला ठाऊक असणे अगत्याचे आहे.

मराठीचा उगम महाराष्ट्री प्राकृतात आहे. संस्कृतातील जोडाक्षर प्राकृतात द्वित्त झाले. पुढे द्वित्त जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला. हस्त–हत्थ–हात, सप्त–सत्त–सात, कर्ण–कण्ण–कान, दुग्ध–दुद्ध–दूध ही त्याची उदाहरणे होत. शेजारच्या गुजरातीतही सात, कान व दूध हेच शब्द आहेत. ‘हाथ’ मध्ये मात्र तिने ‘थ’ राखला. दोन्ही भाषांनी नपुंसकलिंगही टिकविले आहे. यावरून भाषेतील बदल स्वैर नसतो, त्याला नियम असतो, हे दिसून येते.

रायगड जिल्ह्यातील अक्षी येथील शके ९३४ (इ. स. १०१२) चा लेख मराठीच्या आद्य शिलालेखांत गणला जातो. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि लोकांच्या भाषेत तत्त्वज्ञान आले. पुढे फारसीच्या द्वारे कागद, दप्तर, हजेरी हे शब्द आले. पगार, चावी व बटाटा पोर्तुगीजांकडून आले. आज हे सर्व शब्द मराठीचेच आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला.

कोल्हापूर हा सीमेवरचा प्रदेश आहे. येथील शिलाहार राजांचे लेख संस्कृत व कानडी भाषांत आढळतात. कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. ‘मी जातो’ या स्त्रियांच्या वापराशी त्याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाचेही तसेच. मूळ संस्कृत शब्द ‘पानीय’ असून त्यात ‘न’ च आहे; ‘ण’ प्राकृतात आला. तेव्हा बोली म्हणजे ग्रंथभाषेची मोडतोड नव्हे. ती त्याच भाषेचे दुसरे रूप आहे.

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये, असा नाही. पुढील शिक्षण, अर्ज व पत्रव्यवहार यांसाठी ती प्रत्येक मुलास आलीच पाहिजे. मात्र ती बोलीच्या पायावर उभारावी. फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात ‘घरी आपण असे बोलतो’ आणि दुसऱ्यात ‘पुस्तकात असे लिहितात’ असे लिहावे. ‘मी जातो’ समोर ‘मी जाते’, ‘पानी’ समोर ‘पाणी’ मुलांकडूनच लिहवून घ्यावे. पहिल्या रकान्यावर फुली मारू नये. आपल्या घरच्या बोलीची लाज न वाटणारे मूल वर्गात मोकळेपणाने बोलते; आणि जे बोलते, त्यालाच लिहिण्यास शिकविता येते.