हिशेब दुसऱ्याला वाचता यावा

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ऐकतच आपण सगळे मोठे झालो. नीट पाहिले तर ती घर बांधून घेणाऱ्याची म्हण आहे, बांधणाऱ्याची नव्हे. बांधून घेणारा आयुष्यात एकदा, फार तर दोनदा या फेऱ्यातून जातो आणि पुढे वीस वर्षे त्याच्या कहाण्या सांगतो. पण ज्याचे पोटच दुसऱ्यांच्या घरांवर आहे, तो प्लास्टरचा ठेकेदार, फरशीवाला, नळकामवाला, वायरमन, रंगारी यांचे काय? चार ठिकाणी काम चालू, दोन ठिकाणी अडलेले, तीन ठिकाणचे पैसे यायचे, आणि शनिवारी संध्याकाळी मजुरांना खर्ची द्यायची. हा सगळा पसारा तो कशात ठेवतो? बहुधा डोक्यात. फार झाले तर खिशातल्या डायरीत.

अलीकडे या माणसाला सगळ्या बाजूंनी एकच सल्ला मिळतो : सॉफ्टवेअर घ्या. सी.ए. सांगतो, शिकलेला मुलगा सांगतो, मोबाइलवरच्या जाहिराती तर उठता-बसता सांगतात. घ्यायला हरकत काहीच नाही. प्रश्न आहे तो कोणते घ्यायचे हा. आणि ते ठरवायचे कशावरून, हा त्याहून मोठा.

तुम्ही म्हणाल, कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने यात कशाला पडावे? पण कादंबऱ्यांच्या आधी आणि त्यांच्या जोडीने माझी सारी नोकरी बँकेत गेली. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि पुढच्या काही वर्षांत शाखांमधून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्यावरून झालेले वाद, घोषणा, काळ्या फिती हे सगळे मी जवळून पाहिले. त्याहून महत्त्वाची एक गोष्ट पाहिली. ज्या शाखेचे लेजर वेळच्या वेळी जुळत होते, तिथे यंत्र थोड्याच दिवसांत रुळले. जिथे बॅलन्सिंग महिनोन्महिने थकले होते, तिथे यंत्राने तोच घोळ सुबक अक्षरात छापून दिला. यंत्र हिशेब ठेवत नाही. ठेवलेला हिशेब सांभाळते. हा फरक ज्याला कळला, त्याची निम्मी खरेदी झाली.

दुसरी आठवण थोडी जड आहे. नव्वदच्या दशकात मी ज्या शाखेत होतो, तिथे नळकामाच्या एका ठेकेदाराचे कॅश क्रेडिटचे खाते होते. माणूस कष्टाळू, शब्दाचा पक्का. एका पावसाळ्यात तो अचानक गेला. पंधरा दिवसांनी त्याची बायको शाखेत आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत अकरा डायऱ्या. "साहेब, ह्यात सगळं लिहिलेलं आहे, असं हे नेहमी म्हणायचे," ती म्हणाली. लिहिलेले खरोखरच होते. 'बंगला - २ बाकी', 'शेठ - पाइपचे बघू', 'गणपतीनंतर ७'. दोन बाकी म्हणजे दोन हजार की दोन संडास-बाथरूम? कोणते शेठ? सात कसले? हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो आता नव्हता. बाई प्रत्येकाच्या दारात जाऊन आल्या. एक वृद्ध गृहस्थ स्वतःहून पैसे घेऊन आले. बाकीच्यांनी "आमचं तर सगळं चुकतं झालं होतं" म्हणून हात जोडले. ते सगळेच खोटे बोलत होते असेही नाही. कागद नसला की दोन्ही बाजूंना आपापली आठवण खरी वाटते. शिवाय केलेल्या कामाच्या पैशांसाठी दावा लावायला कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते, आणि डायऱ्यांतल्या कितीतरी नोंदींना तारीखच नव्हती.

त्या पिशवीने मला शिकवले ते एवढेच : हिशेब आपल्याला आठवावा म्हणून नसतो, तो दुसऱ्याला वाचता यावा म्हणून असतो. सॉफ्टवेअर निवडताना हीच पहिली कसोटी लावावी असे माझे मत आहे.

माझा भाचा पुण्यात बंगल्यांची आणि लहान इमारतींची प्लास्टर-फरशीची कामे घेतो. हाताखाली पंधरा-सोळा माणसे. मागच्या वर्षी त्याने सॉफ्टवेअर घ्यायचे ठरवले आणि "मामा, तू बँकेतला, तू बस जरा सोबत" म्हणाला. चार प्रात्यक्षिके आम्ही पाहिली. चारही ठिकाणी रंगीत आलेख, गोल चकत्या, लाल-हिरवे दिवे. एका परदेशी धाटणीच्या प्रोग्रॅममध्ये मजुराचे तास मिनिटांपर्यंत लिहिता येत होते, पण गावाकडे जाताना त्याला दिलेली वीस हजारांची उचल लिहायला जागाच नव्हती. आपल्याकडे ती उचल आठवड्याला हजार रुपयांनी फिटायला वीस आठवडे लागतात, आणि त्या वीस आठवड्यांवर ठेकेदार आणि मजूर यांचे सारे नाते उभे असते.

याचे नवल वाटायला नको. प्रत्येक सॉफ्टवेअर कुणाच्या तरी गरजेतून जन्मते आणि जन्मखूण घेऊनच वावरते. आपल्या ओळखीच्या टॅलीचेच पाहा. श्यामसुंदर गोयंका यांचा कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा व्यवसाय होता. मनासारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांचे चिरंजीव भरत यांनी ते लिहिले आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेले ते सॉफ्टवेअर जमाखर्चात तरबेज आहे. त्यात प्रत्येक साइटचे वेगळे 'कॉस्ट सेंटर' उघडून कोणत्या कामावर किती खर्च झाला हेही पाहता येते. पुष्कळ ठेकेदार आपल्या अकाउंटंटला ते सांगतच नाहीत. पण भिंतीचे माप कसे घ्यायचे हे त्याने कुठून जाणावे?

आणि आमच्या या धंद्यात खरा पैसा मापातच मिळतो वा बुडतो. एक उदाहरण देतो. प्लास्टरचे माप म्हणजे लांबी गुणिले उंची, वजा खिडक्या-दारे, असे आपल्याला वाटते. मोजमापांसाठी भारतीय मानक आहे, 'आय.एस. १२००'. त्याप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे भोक वजा करायचे नसते, कारण तेवढ्या जागी कडा काढण्याची मेहनत वाचलेल्या प्लास्टरच्या तोडीची असते. बाथरूमचा दोन फूट बाय दोन फुटांचा झरोका म्हणजे चार चौरस फूट, ०.३७ चौरस मीटर. तो वजा होत नाही. करारात हे मानक धरलेले असेल आणि प्रोग्रॅम डोळे मिटून प्रत्येक झरोका वजा करत असेल, तर तीस बाथरूमच्या इमारतीत भिंतीच्या एकाच बाजूचे एकशे वीस चौरस फूट, म्हणजे जवळजवळ सव्वा ब्रास काम फुकट जाते. आता शंभर चौरस फुटांना एक ब्रास म्हणतात हे तरी त्या प्रोग्रॅमला कुठे ठाऊक असते!

दुसरी गळती वरकामाची. मालकीणबाई येतात, "इथे शाम्पू ठेवायला एक कोनाडा करा हो" म्हणतात. मिस्त्री करतो. तीन महिन्यांनी बिलात कोनाडा दिसला की, "हे तर ठरल्यातच होतं ना?" भांडण दोनशे रुपयांचे नसते, विश्वासाचे असते. ज्या दिवशी सांगितले त्याच दिवशी फोटो, दर आणि मालकाचा होकार एकत्र नोंदला गेला, तर भांडणच उरत नाही. ही सोय ज्या सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत होते, त्याला मी दहा आलेखांपेक्षा जास्त गुण देईन.

तिसरी गोष्ट कराची. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नोंदणी असलेल्या ठेकेदाराने बिल फाडले की त्यावरचा कर भरायची वेळ येते, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. माप मंजूर होण्याआधीच उत्साहाने बिल काढले, तर समोरच्याचा कर आपल्या खिशातून भरावा लागतो. म्हणून अंदाजपत्रक, मंजूर माप आणि पक्के बिल हे तीन टप्पे वेगळे ठेवणारे सॉफ्टवेअर हवे. एका बटणात सगळे उरकणारे नको.

मग निवड करायची कशी? आम्ही केले ते सांगतो. विक्रेत्याने आणलेले नमुन्याचे काम बाजूला ठेवायला लावले आणि भाच्याचे एक जुने, संपलेले, पैसे मिळून गेलेले काम प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून भरून पाहिले. जुनेच का? कारण त्याचे उत्तर आपल्याला ठाऊक असते. बँकेत यंत्र आले तेव्हा काही दिवस लेजरही लिहायचे आणि यंत्रातही भरायचे, संध्याकाळी दोन्ही आकडे जुळवायचे, असा शिरस्ता होता. त्याचीच ही घरगुती आवृत्ती. दोन प्रोग्रॅम तिथेच गळाले.

दुसरी परीक्षा मिस्त्रीची. ऑफिसात बसून आम्ही दोघांनी पसंत करण्यात अर्थ नव्हता. सिमेंटचे हात पुसत, रेंज नसलेल्या तळमजल्यावर, जेवणाच्या सुट्टीत त्याला हजेरी भरता येते का, हे पाहिले. मिस्त्री टाइप करत नाही. पण फोटो उत्तम काढतो आणि बोलून निरोप पाठवतो. घटना जिथे घडते तिथेच नोंद झाली नाही, तर ती रात्री नऊला आठवून केली जाते. आठवून केलेली नोंद म्हणजे पुन्हा ती डायरीच.

तिसरी परीक्षा बाहेर पडण्याची. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाचे बोलू नये म्हणतात, पण सॉफ्टवेअर घेताना अवश्य बोलावे. जीएसटीच्या कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. पुष्कळ सॉफ्टवेअर हल्ली वर्षाच्या भाड्यावर मिळते. तिसऱ्या वर्षी भाडे थांबवले किंवा कंपनीच बंद पडली, तर माझी मापे, बिले, फोटो मला साध्या एक्सेलमध्ये उतरवून मिळतील का? आम्ही हे विचारले तेव्हा एक तरुण विक्रेता निरागसपणे म्हणाला, "सर, आमचं सॉफ्टवेअर सोडून कोणी जातच नाही." भाच्याने चहा पाजून त्याला निरोप दिला.

किमतीबद्दलही दोन शब्द. छापील किंमत ही खर्चाची सुरुवात. माणशी भाडे असेल तर मिस्त्री वाढले की भाडे वाढते. आणि रोज अर्धा तास बसून नोंदी तपासणारे माणूस लागतेच. बऱ्याच घरांत ते काम घरची बाई करते आणि त्याचा पगार कुणीच धरत नाही. तो धरावा. निदान निवडीच्या वेळी तिला विचारावे. उद्या तो हिशेब तिलाच वाचावा लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

शेवटी भाच्याने घेतले ते दिसायला अगदीच साधे : मापांसाठी स्वतःचा एक्सेलचा तक्ता, हजेरी-उचल आणि वरकामासाठी मोबाइलवरचे मराठी येणारे एक छोटे ॲप, आणि जमाखर्च अकाउंटंटच्या टॅलीत, साइटवार. सगळ्यांनी हेच घ्यावे असे मुळीच नाही. वायरमनची गरज वेगळी, रंगाऱ्याची वेगळी. पण तीन कसोट्या सगळ्यांना सारख्याच लागू पडतात.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवून केली नव्हती. त्या ॲपमध्ये प्रत्येक मजुराला आपली हजेरी आणि उरलेली उचल आपल्या मोबाइलवर दिसते. पूर्वी ते फक्त ठेकेदाराच्या वहीत असायचे, आणि वहीवर विश्वास ठेवण्यावाचून मजुराला गत्यंतर नसायचे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, त्यात कल्याणकारी योजनांच्या नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस काम केलेले असण्याची अट घातली गेली. नव्वद दिवस काम तर बहुतेकांनी केलेले असते. ते दाखवायचे कशावरून, तिथे घोडे अडते. तारीखवार हजेरी असलेल्या ठेकेदाराला असा दाखला देताना हात आखडता घ्यावा लागत नाही. मुलीच्या शिक्षणाची मदत, आजारपणातला आधार अशा गोष्टी त्या एका कागदावर अवलंबून असतात.

घर पूर्ण होते, वास्तुशांत होते, पंगती उठतात. भिंतीआड गेलेला पाइप आणि फरशीखालचा थर पुन्हा कुणाला दिसत नाही. ते काम कुणी केले, किती केले, त्याचे किती मिळाले आणि किती राहिले, याची साक्ष फक्त नोंद देते. ती वहीत असो वा यंत्रात. फक्त लिहिणारा समोर नसतानाही ती वाचता यावी, आणि जिचा-ज्याचा तो पैसा, तिला-त्याला ती मिळावी. सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याला हे जरूर विचारा. आलेख नंतर पाहता येतील.