पहिल्या पायरीचं कॉलेज

ॲरिझोनातलं चिनली मागे टाकलं की रस्ता कॅन्यन द शेच्या उत्तर काठाने ईशान्येकडे चढत जातो. उजव्या हाताला तांबड्या वालुकाश्माची खोल घळ असते. वर येता येता पिनियन आणि जुनिपरची झाडी दाट होते, समोर चुस्काची डोंगररांग दिसू लागते आणि सुमारे ७,००० फूट उंचीवर सेली लागतं. ग्रँड कॅन्यन आणि मॉन्युमेंट व्हॅली पाहणारे मराठी पर्यटक सहसा इथवर येत नाहीत. वस्ती विरळ, बाजारपेठ जवळपास नाहीच. पण याच पठारावर सहा मजली, काचेची, अष्टकोनी इमारत उभी आहे. हे नावाहो राष्ट्राचं दिने कॉलेज. अमेरिकेत एखाद्या आदिवासी राष्ट्राने स्वतः स्थापन केलेलं आणि स्वतः चालवलेलं हे पहिलं कॉलेज.

नावाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात आणि त्यांचं पारंपरिक घर म्हणजे होगन: ओंडक्यांचं, वर माती लिंपलेलं, दार पूर्वेला. कॉलेजच्या मुख्य इमारतीला आकार होगनचा दिला आहे आणि नाव नेड हटाथ्ली यांचं. हे कॉलेजचे पहिले नावाहो अध्यक्ष. इमारतीत संग्रहालय आहे. सगळा परिसर गोलाकार आखलेला आहे, वसतिगृहंही अष्टकोनी.

या वास्तूचं मोल कळायला दीडशेहून अधिक वर्षं मागे जावं लागतं. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नावाहोंना त्यांच्या भूमीतून हुसकावलं आणि शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत डांबलं. १८६८ च्या तहानंतर ते मायभूमीत परतले. त्या तहात शिक्षणाचंही कलम होतं: सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत घालणं सक्तीचं, आणि दर तीस मुलांमागे सरकार एक शिक्षक देणार. पुढे शाळा आल्या त्या मुख्यतः निवासी. तिथे मुलांचे केस कापले जात, नावं बदलली जात, आपली भाषा बोललं की शिक्षा होई. पिढ्यान्‌पिढ्या शाळा म्हणजे घरापासून तुटणं, हेच मनावर बिंबलं.

तहाला बरोबर शंभर वर्षं झाली त्या १९६८ साली नावाहो राष्ट्राने कॉलेज काढलं. तेव्हा त्याचं नाव नावाहो कम्युनिटी कॉलेज. १९६९ च्या जानेवारीत मेनी फार्म्स इथल्या सरकारी हायस्कूलच्या इमारतीत वर्ग सुरू झाले, १९७३ मध्ये ते सेलीला आले आणि १९९७ मध्ये कॉलेजला सध्याचं नाव मिळालं.

कॉलेजची खरी ओळख मात्र त्याच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत आहे, असं मला ठामपणे वाटतं. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत पायाभूत अभ्यासक्रमाकडे कमी दर्जाचं म्हणून पाहिलं जातं. गणित कच्चं, इंग्रजी लेखन कच्चं, म्हणून आधी हे पूर्ण करा. त्याचे गुण पदवीत धरले जात नाहीत आणि पुष्कळ मुलं त्याच टप्प्यावर गळतात. सेलीतही हे प्रश्न आहेतच. इथे येणाऱ्यांत अनेक जण घरातले कॉलेजात जाणारे पहिले. काही जण नोकरी, मुलंबाळं सांभाळून कित्येक वर्षांनी वही हातात घेतात. नावाहो राष्ट्राचा विस्तार सुमारे २७,००० चौरस मैल, त्यात बरेच रस्ते कच्चे, आणि कित्येक घरांत नळ नसल्याने पाणी गाडीवर टाकी लादून आणावं लागतं. अशा विद्यार्थ्याला वेळेची आखणी शिकवायची, तर त्यात पाण्याची खेप, मेंढरं आणि आजीला दवाखान्यात नेण्याचा दिवसही धरावा लागतो. भरीला घड्याळाचा घोळ: उन्हाळ्यात नावाहो राष्ट्र घड्याळ तासभर पुढे करतं, बाकीचं ॲरिझोना करत नाही. नावाहो भूमीने वेढलेला होपी आदिवासींचा प्रदेशही करत नाही.

या अडचणींवर कॉलेजने आपल्याच विचारपरंपरेतून उत्तर शोधलं आहे. दिने विचारानुसार कोणतंही काम चार टप्प्यांनी पुढे जातं. नित्साहाकेस म्हणजे विचार करणं, त्याची दिशा पूर्व, वेळ पहाटेची. दक्षिणेकडे नाहाता, म्हणजे आखणी. पश्चिमेकडे ईना, म्हणजे ठरवलेलं प्रत्यक्ष जगणं. उत्तरेकडे सीहासिन, म्हणजे झालेल्या कामाकडे परत पाहून मनाची खात्री करून घेणं. कॉलेजच्या सगळ्या अभ्यासक्रमांमागे ही चौकट आहे. धडा वाचण्याआधी काय शोधायचं हे ठरवणं, वेळापत्रक बांधणं, सराव करणं, चुका तपासणं: अभ्यासकौशल्याचं कुठलंही पुस्तक हेच सांगतं. फरक एवढाच आणि तो फार मोठा आहे की इथल्या मुलीला हे परक्याकडून आलेलं औषध वाटत नाही. तिच्या आजोळी विधी करणारा म्हाताराही हेच चार शब्द वापरत आलेला असतो.

नावाहो भाषेचा प्राथमिक वर्ग तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाषा अवघड आहे: स्वराच्या चढउताराने अर्थ बदलतो, आणि एकेका क्रियापदात आख्खं वाक्य सामावतं. दुसऱ्या महायुद्धात नावाहो सैनिकांनी याच भाषेवर उभारलेली सांकेतिक भाषा जपानला उलगडली नाही. शाळेत जी बोलल्याबद्दल मार मिळे, त्याच भाषेने पॅसिफिकमध्ये अमेरिकेचे निरोप सुरक्षित ठेवले. आज वर्गात दोन तऱ्हांचे विद्यार्थी शेजारी बसतात. एकाला भाषा घरची, अस्खलित, पण लिहिता येत नाही. दुसऱ्याचं इंग्रजी पक्कं, पण आजीशी चार वाक्यं बोलताना अडखळतो. त्यामुळे कच्चेपणाचा शिक्का एकट्यावर बसत नाही; प्रत्येक जण कशात तरी नवशिका असतो आणि कशात तरी शेजाऱ्याला मदत करू शकतो.

स्वतःची ओळख करून देणं हा तिथला सुरुवातीचाच धडा. आधी आईचं कूळ, कारण तेच आपलं. मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं आणि वडिलांच्या वडिलांचं. कूळ जुळलं की वर्गातला अनोळखी माणूस नात्यातला होतो आणि त्याच्याशी नात्याप्रमाणे वागणं आलं. नवख्या विद्यार्थ्याला तगवण्यासाठी मोठाली विद्यापीठं मार्गदर्शक नेमतात, गट बनवतात. इथे हे काम पिढीजात कुळव्यवस्था पहिल्याच आठवड्यात सुरू करते.

त्याबरोबर नावाहो इतिहास, संस्कृती आणि स्वशासनाचे प्रास्ताविक अभ्यासक्रम आहेत; विणकाम आणि चांदीकामही रीतसर शिकवलं जातं. कॉलेजच्या प्रकाशनाने १९७३ मध्ये त्या सक्तीच्या पायपिटीच्या पिढीजात कथांचं पुस्तक काढलं, रूथ रोसेल यांच्या देखरेखीखाली. छावणीचा इतिहास तोवर बहुतेक लष्करी कागदांतून लिहिला जात होता.

सगळं सुरळीत आहे असं मुळीच नाही. पैशांची ओढाताण कायमची आहे आणि अर्ध्यावर शिक्षण सोडणारे पुष्कळ आहेत. तरीही सेलीच्या पाठोपाठ अमेरिकेत अशी तीसहून अधिक आदिवासी कॉलेजं उभी राहिली. नावाहोंचंच दुसरं, क्राउनपॉइंटचं, आज तंत्रविद्यापीठ आहे. दिने कॉलेजनेही दोन वर्षांच्या पदवीच्या पुढे जाऊन चार वर्षांच्या पदव्या सुरू केल्या, त्यात शिक्षक घडवण्याची पदवी आहे. ही पदवी घेऊन, नावाहो वाचायला-लिहायला शिकलेली माणसं इथल्याच प्राथमिक शाळांत शिकवायला जातात.